आईजवळ दिलेला निरोप

“एकदा का तोंडाला रंग लागला, की मला नावानं हाक मारायची नाही हं. मग मी तुझा नवरा नाही, कुण्णाचा कुणी नाही. मग मी आई.” असं म्हणून नवरा मोठ्यानं हसायचा आणि आरशासमोर डोळे मिटून बसायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकलेला तो आवाज. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या कानांत तो अजून होता. मशीन थांबलं, की ऐकू यायचा.

देवळात दरवर्षी देवीचा नाच व्हायचा, नवरा त्या नाचातच गेला. देवीच्या वेशात फेरा घेता घेता खाली बसला, तो उठलाच नाही. पुढच्या वर्षी पोरानं तोच वेश मागितला. एकुलता एक पोरगा, लिफ्ट दुरुस्त करणारा, बापासारखाच लांब ढांगांचा. तिनं कात्री टेबलावर आपटली. “नाचलास तर या घरात तोंड दाखवू नकोस.”

तो नाचला. आणि आईचा शब्द ऐकला तो एवढाच, की परत घरात तोंड दाखवलं नाही. दोन गल्ल्या पलीकडं खोली घेऊन राहिला. तेव्हापासून मायलेकांचा अबोला. रस्त्यात समोरासमोर आले, की ती पिशवीत काहीतरी शोधायची आणि तो फोनमध्ये.

आज ती देवळात आली ती लाँड्रीवालीमुळं. शेजारचंच दुकान तिचं, आणि आवाज असा की सगळी गल्ली तिला भोंगा म्हणायची. “अगं, देवीनं तुझं काय घोडं मारलंय? ऊठ, साडी बदल. नाहीतर अशीच ओढत नेते, टाचण्यांसकट!”

देऊळ म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. धुपाच्या खाली रबराचा वास अजून दबा धरून होता. पत्र्याच्या छताला पंखे, दाराशी चपलांचा ढीग, मधोमध पुसून लख्ख केलेली फरशी. ढोलावर थाप पडली, तशी भिंतीला टेकलेल्या बायकांनी गाणं उचललं:

आई निघाली नाचत, तिच्या पावलात वारा
लेकराच्या हाकेसाठी तिनं थांबविला फेरा

पडदा सरला आणि देवी आली. रंगवलेला लाल चेहरा, कानापर्यंत ओढलेले डोळे, घेरदार घागरा. घागरा तिच्याच हातचा, नवऱ्यासाठी शिवलेला. कुणीतरी त्याची कंबर आत घेतली होती, आणि टाके इतके वाकडे की तिची बोटं चुळबुळली.

“वाळलाय गं पोरगा,” ती पुटपुटली.

“देवी कधी वाळते होय? गप बघ.”

फेरा वाढत गेला. घागऱ्याचं चाक झालं, घुंगरांचा पाऊस झाला. सगळं देऊळ ते पाय बघत होतं. ती मात्र श्वासानं हलणारी छाती बघत होती. वर, खाली. वर, खाली. एकदा देवी वळता वळता जरा वाकली, तर हिनं भोंग्याचं मनगट असं आवळलं की काकणं रुतली.

“अगं आई गं! मला मारतेस का?”

देवी वाकली होती ती नमस्कारासाठी. मग सरळ झाली, आणि ढोल थांबला.

आता रांग. देवीसमोर जो येईल त्याला ती बाळ म्हणणार, आणि तो तिला आई. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. टक्कल पडलेले एक आजोबा काठी टेकत पुढं झाले. “बाळ, काय मागतोस?” देवीनं विचारलं. “आई, कवळी बसत नाही गं नीट,” ते म्हणाले, आणि सगळे हसले. देवी मात्र हसली नाही.

“जा,” भोंगा म्हणाली.

“मी नाही जायची.”

“मग मी इथून ओरडू?”

ती उठली. रांग पुढं सरकत गेली, आणि बघता बघता मध्ये कुणीच उरलं नाही. जवळून दिसलं, की घामानं रंगाला ओघळ पडलेत आणि त्यातून पोराची हनुवटी डोकावतेय. त्याचे ओठ हलले. तिला वाटलं, हा आता आपल्यालाच आई म्हणणार आणि भर देवळात वेश मोडणार. पण त्यानं घागरा सावरला.

“बाळ,” आवाज चिरकला, मिसरूड फुटताना चिरकायचा तसा. “काय मागतेस?”

आता तिची पाळी. पोटच्या पोराला आई म्हणायचं. मागं कुणीतरी खाकरलं.

“आई,” ती म्हणाली. “मागायचं काही नाही. एक निरोप होता. माझा एक मुलगा आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. इथंच, दोन गल्ल्या सोडून राहतो.”

देवीनं मान हलवली. “ओळखते मी त्याला.”

“त्याला सांग...” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “सांग, तेव्हा मी रागावले नव्हते. सगळ्यांना राग वाटला आणि मीही वाटू दिला. राग बरा असतो, मान ताठ ठेवून मिरवता येतो. तो बापाच्या पावलावर पाऊल टाकायला निघाला, आणि मला ते शेवटचं पाऊलच दिसत राहिलं. मी घाबरले होते, आई. अजून घाबरते. आत्ता तू वाकलीस ना, तर माझा श्वास...”

पुढचं वाक्य देवीला सांगायचं होतं. पण ते भलतीकडंच वळलं.

“फार भीती वाटते रे मला, बाळा.”