कळसाभोवतीची वर्तुळं

मठाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. हार घातलेल्या फोटोत मठाचा कळस, अन् त्याच्याभोवती तेजाची वर्तुळंच वर्तुळं.

"पाहा! कैलासाचं तेज माझ्या कळसाभोवती फिरून राहिलंय," महाराज गरजले. "हा फोटो ज्याच्या घरात, त्याच्या विहिरीला पाणी!"

खुद्द मठाला मात्र टँकरनंच पाणी येत होतं.

तो फोटो माझा होता. चाकूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. लातूर नवा जिल्हा झाला, दुष्काळ तेवढा जुनाच राहिला. तशात जिल्ह्याची पहिली विज्ञान छायाचित्र स्पर्धा जाहीर झाली. तिच्यासाठी मी रात्री मठाच्या कळसावरच्या ताऱ्यांचा फोटो काढला. रोल धुवायला दिला मलप्पा भाऊजींकडे, माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडे. लातुरात त्यांचा स्टुडिओ. परत आलेल्या निगेटिव्हच्या पट्टीतून नेमका तोच फोटो कापलेला होता. "खराब निघाला गं, फेकला," म्हणाले. मी विश्वास ठेवला. निगेटिव्हशिवाय स्पर्धेत फोटो घेत नव्हते.

आता तेच भाऊजी महाराजांशेजारी बसून माझा फोटो वाटत होते.

"भाऊजी, हे काय?"

"गप बस, रुद्राणी. लोकांला लई आधार हाय याचा."

पट्टीवर उरलेला ताऱ्यांचा दुसरा फोटो मी स्पर्धेसाठी उदगीरहून छापून आणला होता. तो पिशवीतून काढून वर धरला. "ही वर्तुळं बघा. तशीच आहेत ना?"

"हाव," गर्दीतल्या केवळाबाई पुढं वाकल्या. "पर कळस कुठाय? ही तर आमची मोडकी गाडी! हा आमचा उकिरडा हाय!"

"मग उकिरड्यालाही नारळ फोडा," मी म्हणाले.

हशा उसळला. "तेज तिथंही गेलं असंल!" महाराज ओरडले.

मी केवळाबाईंकडे वळले. "मावशी, फुगडी घालताना घरं फिरायची ना? खरंच फिरायची?"

"न्हाई बा. आपुनच फिरायचो."

"तसंच हे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे फिरल्यासारखे दिसतात. ध्रुवतारा तेवढा जवळजवळ जागीच दिसतो. उत्तरेकडं तोंड करून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला, की ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या गोल रेघा उमटतात. त्याखाली कळस धरा, नाहीतर उकिरडा."

केवळाबाईंनी मागंच घरी नेलेला फोटो पदराखालून काढून भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. "विहीर कोरडीच हाय, मलप्पा."

भाऊजी उरलेले फोटो गोळा करू लागले. महाराज परके होते, त्यांचा नुसता राग आला. भाऊजी मात्र घरचे. चोरी त्यांची, अन् ताईला काय तोंड दाखवू, हे मला सुचेना.

स्पर्धेला मी उकिरडाच पाठवला.

कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: हेच दुसरीकडंही घडतं का? अन् दाखवणारा घरचा असेल, तर दोनदा विचारा.