यादीतलं पहिलं नाव

"फुआतिनोचं शिवण आता संपलंच समज. पांढऱ्या रविवारचे झगे यंदा सगळेच्या सगळे शहरातल्या मोठ्या दुकानातून येणार. आणि यादीत पहिलं नाव कुणाचं, ठाऊक आहे? तिच्याच—"

दुकानवाल्या पेपेचं एका गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं तिथेच तुटलं, कारण समोरून फुआतिनो नळावरची बादली घेऊन येत होती. पेपेने झटकन सूर बदलला. "तालोफा गं फुआतिनो! काय उकडतंय मेलं!"

तुम्ही म्हणाल, हे चोरून ऐकणारी कोण? मी फुआतिनोची पायमशीन बोलतेय. आणि चोरून कसलं? आमच्या सामोआतल्या घरांना भिंती नसतात. खांब, वर छप्पर आणि पावसात खाली सोडायच्या चटया. मी रस्त्याकडच्या खांबापाशी बसलेली. जाणारायेणारा माझ्यासमोरूनच जाणार, आणि कान बंद करायला मला झाकण नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते बंदरावरच्या एका दुकानात. तिथून फुआतिनोच्या आईने मला बसच्या टपावर बांधून गावात आणलं. पहिल्या दिवशी तिने मला तेल पाजलं, फुलांची माळ घातली आणि पाद्रीबाबांकडून माझ्यासाठी प्रार्थना म्हणवून घेतली. तेव्हाच मी ठरवलं, या घरात धागा तोडायचा नाही.

दोन वादळं मी पाहिली. एकात छप्पर उडालं. माणसं चर्चमध्ये पळाली, पण फुआतिनोच्या आईने आधी मला चटईत गुंडाळून खांबाला बांधलं. पुढे ती वारल्यावर मी फुआतिनोच्या पायाखाली आले. आईचा पाय जड, हिचा हलका, पण हात हिचा जास्त चांगला. टेप लागत नाही. दर रविवारी चर्चमध्ये मुलांच्या पाठी बघून हिला मापं पाठ होतात. घेराला आत चार बोटं कापड दुमडून ठेवते, म्हणजे पोर वाढलं की उसवून तोच झगा आणखी दोन वर्षं.

ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार येतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी पोरं चर्चमध्ये उभी राहून वचनं म्हणतात. त्या आधीचा महिना मला श्वास घ्यायला फुरसत नसे. दोरा न् बटणं पेपेच्या दुकानातली, गळ्याची लेस गावातल्या म्हाताऱ्यांनी विणलेली. फुआतिनोला मिळालेलं पुन्हा पेपेच्या तांदळावर आणि शेजारच्या मासळीवर जायचं. प्रवाळाच्या कुंपणाआतलं पाणी जसं आतल्या आत खेळत राहतं, तसं सगळं गावातच खेळत राहायचं.

नवरा वारल्यापासून फुआतिनोचं आणि तिच्या आठ वर्षांच्या सिनिवाचं वर्ष या एका महिन्यावर उभं होतं. झगे मिळाले तर मायलेकी एकत्र. नाही मिळाले तर फुआतिनोने ऑस्ट्रेलियात जाऊन सात महिने फळांच्या पेट्या भरायच्या आणि सिनिवाने मामाकडे राहायचं. तिथल्या कामाचा कागद तिने भरून माझ्या खणात ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

त्यामुळे पेपेचं अर्धं वाक्य मला टोचत राहिलं. तिच्याच कुणाचं नाव? माझा संशय सरळ लांगीवर गेला. लांगी म्हणजे फुआतिनोची भावजय, सिनिवाची मामी. शेजारच्याच घरात राहते, मोठ्याने हसते, दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावते. लोक तेच माझ्याबद्दलही म्हणतील, पण ते जाऊ दे. दोन आठवडे ती आली की मी मनातून तोंड फिरवायचे. आणि खरंच, एकही बाई कापड घेऊन आली नाही. फुआतिनो रोज मला पुसायची, बॉबीन भरून ठेवायची, रस्त्याकडे बघत बसायची.

पांढऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी शहरातून झग्यांची खोकी आली. शनिवारी सकाळी पहिली आई धावत आली, तिच्यामागे दुसरी, मग ओळच लागली.

"फुआतिनो, बघ गं, काखेतच अडकतोय!"

"लेबलवर आठ वर्षं लिहिलंय, आणि माझ्या पोरीचं डोकंसुद्धा जात नाही!"

"तुझी पोरगी आठ वर्षांची आहे, पण नीरफणस बारा वर्षांचे खाल्लेत तिने," लांगी म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या.

वयावरून मागवले होते झगे. आमच्या पोरांची हाडंपेरं कुठल्या लेबलात बसतात! फुआतिनोने एक झगा उलटा केला, शिवण बघितली. "उसवू काय? आत कापड सोडलंय कुठे यांनी?"

मग ती उठली, तिने पेटीतली आईची पांढरी चादर काढली, कात्री चालवली आणि प्रत्येक झग्याच्या दोन्ही कुशींना पट्टी जोडायला घेतली. मी अशी धावले की माझं चाक गरम झालं. तेवढ्यात पाद्रीबाबांच्या बायको, आमच्या पाद्रीबाई आल्या; शहरातली मागणी त्यांनीच गोळा केली होती. कुणाचे किती झाले ते बघायला त्यांनी यादीचा कागद माझ्याच फळीवर उलगडला.

पहिलं नाव सिनिवाचं होतं. अक्षर फुआतिनोचं.

माझी सुई मोडली. लोक म्हणाले, जाड शिवण आली म्हणून.

पाद्रीबाई पाणी प्यायला वळल्या तेव्हा लांगीने दबक्या आवाजात विचारलं, "वन्सं, तुम्ही स्वतः का लिहिलंत हो?"

"काय करू?" फुआतिनो नवी सुई बसवत म्हणाली. "सभेत सगळ्यांदेखत त्यांनी कागद पहिल्यांदा माझ्याच पुढे धरला. पाद्रीबाईंना तोंडावर नाही म्हणायचं? मला वाटलं, मागून कुणीतरी म्हणेल, असू दे, फुआतिनो शिवतेच की."

"अहो, मी तुमचं नाव बघून लिहिलं! म्हटलं, हिलाच चालतंय तर आपण कोण बोलणार!"

"मीसुद्धा," रांगेतली एक म्हणाली. "मीही," दुसरी.

बघा, असं झालं. कुणी दुष्ट नव्हतं. एकीने मान राखला, बाकीच्यांनी तिचा मान राखला, आणि एवढ्या मानात एक कामधंदा बुडाला. पण मला कोण समजावणार? आईचा पाय, लेकीचा पाय, इतकी वर्षं मी वाहिले. माझ्या फळीवर जेवून, माझ्या खणात कागद ठेवून, तिने एका शब्दाने तरी सांगायचं होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला तेव्हा शेवटची पट्टी लागली. नंतर सुई चालवायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी आमच्या गावात काम करत नाहीत. बायकांनी अळकुड्या आणल्या, नारळाच्या दुधातली अळूची पानं आणली, फुआतिनोच्या गालाला गाल लावले. पाद्रीबाई तर गहिवरल्या. म्हणाल्या, "देवाने तुझ्या हातात कला दिलीय गं. यंदा फार त्रास झाला तुला. पुढच्या वर्षी आपण एक माप मोठंच मागवू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फुआतिनोनेही.

सोमवारी तिने माझ्या खणातला कागद काढला, माझ्याच फळीवर ठेवून सही केली. पुढे निघायच्या दिवशी सिनिवा लांगीच्या कमरेला घट्ट धरून उभी होती आणि फुआतिनो बसच्या खिडकीतून हात हलवत राहिली. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. मला वाटतं, पाहिलं.

आता माझ्यावर चटई टाकलीय. लांगी दर शनिवारी ती उचलून मला तेल घालते. शिवता तिला येत नाही, पण तिच्याबद्दल मनात धरलेल्या पापाची मला लाज वाटते. पेपे दुकानातून ओरडते, "दोऱ्याची रिळं गंजायची आता माझी!" दोरा गंजत नाही बाई, पण तुझं नाव यादीत सातवं होतं, ते मी वाचलंय.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्यापुढे असा कागद आला, तर आधीची नावं वाचू नका. तुमच्या गावात तेच काम करणारी जी कुणी असेल तिच्या घरी जा आणि विचारा, "अगं, खरंच चालेल ना तुला?" ती हो म्हणाली, तरी थोडं बसा. पुन्हा विचारा.

काल फुआतिनोचा फोन आला. लांगीने तो मुद्दाम माझ्याजवळ बसून लावला. सिनिवा रडली, हसली. मग फुआतिनो म्हणाली, "अगं लांगी, इथे शेडमध्ये आपल्या सामोआच्या तीसेक बायका आहेत. कुणाला इथले कपडे बसतच नाहीत! एक जुनी मशीन मिळालीय मला. कामावरून आले की सगळ्यांचं मीच शिवते."

म्हणजे पेपेचं बोलणं निम्मंच खरं ठरलं. फुआतिनोचं शिवण संपलं नाही. माझ्यावरचं संपलं.