वाळूचं विरजण

माझं नाव रत्नाकर. रत्नाकर म्हणजे समुद्र. मी मात्र काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत जन्मलो आणि लग्नापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. लग्नासाठी मालवणला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला किनाऱ्यावर नेलं आणि म्हणाले, "हे तुमचे नामबंधू. ओळख करून घ्या."

शरदिनी, माझी बायको, त्याच किनाऱ्यावरची. आमच्या भिक्षुकांच्या गल्लीत आल्यावर तिचं मासे खाणं सुटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी तिने ते पाळायला घेतले. मालवणची मुलगी मासे पाळते, हे तिच्या माहेरी कुणाला खरं वाटेना. तिची आई म्हणाली, "मोठे करून मग खात असेल."

मी डिझेल इंजिनच्या कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झालो तेव्हा तिने माझ्याकडून काचेची टाकी बनवून घेतली. खाऱ्या पाण्याची टाकी. तिचा भाऊ मद्रासला अशा शोभेच्या माशांचाच धंदा करायचा. त्याने मीठ पाठवलं, दगड पाठवले, दगडांवर चिकटलेली मऊ प्रवाळं पाठवली आणि दोन नारिंगी मासे पाठवले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. त्यांतली मोठी ती बायको, लहान तो नवरा. शरदिनी सांगायची की यांच्यात बायको मेली की नवऱ्याचीच बायको होते.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी गेले तर तुम्हाला स्वयंपाक शिकावा लागेल. तसंच."

मागच्या माघात ती गेली. आता मला वरण, भात आणि दोन भाज्या येतात.

वाळू तिने स्वतः निवडली होती. गल्लीतला प्रत्येक जण सांगत होता, गंगेच्या पलीकडच्या काठावर हवी तेवढी बालू पडली आहे, पोतं भरून आणा. तिने एका ताटलीत गंगेची वाळू घेतली, दुसरीत मालवणची. मालवणची वाळू मागच्या खेपेला तिने ट्रंकेत घालून आणली होती. दोन्हींवर लिंबू पिळलं. गंगेची तशीच पडून राहिली. मालवणची भज्यांच्या पिठात सोडा घातल्यासारखी फसफसली.

"ही शिंपल्यांची आहे," ती म्हणाली. "पाणी आंबट व्हायला लागलं की ही स्वतः थोडी विरघळते आणि पाणी सांभाळते. गंगेची वाळू पवित्र असेल, पण विरघळत नाही."

"हे नानांना सांगू नकोस," मी म्हणालो.

नाना म्हणजे आमच्या शेजारचे बिंदुमाधव गुरुजी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी तेच करतात. काशी-रामेश्वर करणारे लोक इथलं गंगाजल रामेश्वराला नेतात आणि तिथल्या समुद्राची वाळू आणून गंगेत सोडतात. अशी वाळू गंगेत सोडवण्यात नानांचा निम्मा जन्म गेला.

या कार्तिकात टाकीचा मागचा सांधा गळायला लागला. सकाळी उठलो तर जमिनीवर समुद्र. मी आणि माझी मुलगी कस्तुरी, आम्ही मासे, दगड आणि प्रवाळं प्लॅस्टिकच्या टबात काढली. कस्तुरी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. टबातलं पाणी तपासून ती म्हणाली, "बाबा, यात हे जास्त दिवस टिकणार नाहीत. टाकी जल्दी लागली पाहिजे."

टाकीचं काम माझ्या हातचं होतं. काचा सुट्या केल्या, घासल्या, नव्या सिलिकॉनने बसवल्या. भांडण झालं ते वाळूवरून.

"जुनी वाळू फेकून द्या. मामाने नवी पाठवली आहे ना? एकदम साफ आहे."

"साफ आहे म्हणूनच नको."

"बाबा, आईची आहे म्हणून ठेवताय तुम्ही."

"तेही आहे. पण तुझी आई काय म्हणायची? वाळू म्हणजे दही. माशांची घाण खाणारे जीव जुन्या वाळूत असतात. विरजण नसेल तर दही लागत नाही, नुसतं दूध नासतं."

"आणि वरची वाळू माहेरची, खालची सासरची, हेही म्हणायची," कस्तुरी म्हणाली. "खालचीला ढवळलं की वास येतो."

तिचं खरं निघालं. वरची बोटभर वाळू मी पेल्याने अलगद काढली. ती पांढरी, स्वच्छ. खालची काळी पडली होती. ती हलली आणि असा वास सुटला की समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "कौन नाली खोल दिया भाई?" खालची सगळी टाकून दिली. शेवटी ठरलं ते असं: तळाला मामाची नवी वाळू, वर आईची जुनी. वरची वाळू मी तिच्याच खाऱ्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवली. नळाचं पाणी लावलं नाही. गोड पाणी लागलं की त्यातले जीव मरतात. शरदिनीच्या जुन्या पातळाचा तुकडा ओला करून बादलीवर घातला आणि बादली बाहेर ओट्यावर सावलीत ठेवली. घरात पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती.

सिलिकॉन वाळेपर्यंत काही दिवस गेले. मग एका सकाळी मी आत मीठ ढवळत होतो. नाना स्नानाला निघाले होते. ओट्यापाशी थांबले, बादलीत डोकावले.

"रत्नाकरा, ही वाळू कुठली रे?"

"समुद्रावरची," मी आतून म्हणालो. "शरदिनीची."

नानांनी विचारलं, "कधी सोडायची?"

"आजच. रोज उद्यावर ढकलत होतो, पण आता सोडायलाच पाहिजे."

"जमेल का तुला?"

"हात थरथरतात, नाना. बघू."

"हं," नाना म्हणाले.

मीठ विरघळलं, पाणी निवळलं. मी बादली घ्यायला बाहेर आलो. ओट्यावर बादली नव्हती. ज्या गोल ओल्या डागावर ती होती, तिथे मांजर बसलं होतं. दूधवाला येत होता, त्याला विचारलं.

"बाल्टी? गुरुजी ले गए ना. घाट की ओर. मंत्र पढ़ते जा रहे थे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीत समुद्राची वाळू आणि सोडायची हे दोन शब्द एकत्र आले की त्याचा अर्थ एकच होतो.

मी तसाच अनवाणी पळालो. शरदिनीच्या अस्थी सोडल्या त्या दिवसापासून मी घाटावर उतरलो नव्हतो. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीने, गोल फिरून जायचो. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात असं सांगायचो. त्या दिवशी गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. दुर्गाघाटाच्या पायऱ्या उंच आहेत, दोन-दोन उतरलो. वाटेत एका म्हशीला धक्का दिला. काय झालं म्हणून मागून एक जण ओरडला, "का भयल चचा?"

नाना कमरेइतक्या पाण्यात उभे होते. पातळाचा तुकडा घडी करून खांद्यावर ठेवलेला. बादली तिरपी.

"नाना, थांबा!"

"ये, ये," नाना मोठ्याने म्हणाले. "बरं झालं आलास. तुझाच हात लागायचा राहिला होता."

आणि त्यांनी बादली उलटी केली. वाळू पाण्यात शिरली. पायरीवर पाण्याखाली जरा वेळ पांढरी दिसली, शिंपल्यांचे कण चमकले, मग प्रवाहाने ती ओढून नेली. नानांनी हात जोडले. मग यजमानाची बादली स्वच्छ परत करावी, म्हणून ती पाण्याकडे नेली.

"विसळू नका!" मी ओरडलो. "नाना, बादली विसळू नका!"

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. एका आंघोळ करणाऱ्याने आपला लोटाही वरच धरून ठेवला.

मी पाण्यात शिरलो आणि नानांच्या हातातून बादली घेतली. तळाला आणि कडेला चिकटून मूठ-दोन मुठी वाळू राहिली होती, थोडं खारं पाणीही.

"अरे पण तूच म्हणालास ना, सोडायची!"

"टाकीत सोडायची, नाना!"

"मग टाकायची म्हणावं! वाळू टाकतात!"

"टाकली की पाणी गढूळ होतं. हळूहळू सोडावी लागते."

"मला काय माहीत तुझ्या टाकीचं व्याकरण!"  मग त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, शरदिनीच्या मनात रामेश्वर राहून गेलं असेल. तिने वाळू मागवून ठेवली असेल. आणि तुझ्याच्याने घाटावर उतरवत नाही, ते काय आम्हाला दिसत नाही का? म्हटलं, आपण करून टाकू. तिच्या नावाने संकल्पही सोडला रे."

मला रागवायचं होतं, पण जमेना. मी बादली मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. तिच्या अस्थी सोडल्या ती हीच पायरी. मालवणची वाळू तिच्या मागोमाग गेली होती. आता पाण्यात काहीच दिसत नव्हतं. एक होडी गेली, पाणी हललं, पुन्हा सारखं झालं.  नाना ओल्या पंच्यानेच शेजारी बसून राहिले. त्यांचे यजमान वर खोळंबले होते, तरी उठले नाहीत.

"आता रे?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी बादलीत पाहिलं. "विरजणापुरती आहे."

"विरजण?"

मग दहीदुधाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. त्यांना ती लगेच पटली. घरी म्हैस असलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. बादली तेच वर घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून, वाटेत कुणाला शिवू न देता.

मामाची नवी वाळू आम्ही टाकीत पसरली. लिंबू तिच्यावरही पिळून बघितलं होतं, चांगली फसफसली होती. वर शरदिनीची मूठ-दोन मुठी, मी हात पाण्यात बुडवून, हळूहळू सोडली. हात थरथरले नाहीत. मग दगड मांडले, दिवा लावला आणि थांबलो. मासे टबातच. कस्तुरी रोज दोन्हीकडचं पाणी नळीत घेऊन रंग बघायची आणि ओठ चावायची. टबातलं पाणी आम्ही थोडं थोडं बदलत होतो, तरी मोठीने खाणं सोडलं होतं. लाइट गेली की पंप बंद पडायचा. मग आम्ही आळीपाळीने पेल्याने टबातलं पाणी उचलून वरून ओतायचो. शरदिनी असताना हेच काम आम्ही दोघं करायचो आणि ती म्हणायची, "अहो, चहा गार करताय का?"

नाना रोज पहाटे स्नानाला जाताना खिडकीतून हाक मारायचे, "लागलं का रे?"

"अजून नाही, नाना."

"काल नवं विरजण टाकलंस त्यात?"

"दह्याला रोज विरजण लावतात का, नाना?"

रोजचं 'लागलं का' ऐकून समोरच्यांना वाटलं, मी लॉटरी घेतली आहे.

एका संध्याकाळी कस्तुरीने नळी दिव्यासमोर धरली, पुन्हा धरली आणि मला दाखवली. रंग हवा तसा आला होता. मासे टाकीत सोडले. नवरा कोपऱ्यात जाऊन बसला. मोठी आधी सगळीकडे फिरली, मग दगडापाशी तिची पूर्वीची जागा होती तिथे गेली आणि शेपटीने वाळू उडवून खड्डा करायला लागली. बरोबर जिथे जुनी वाळू होती तिथेच. कस्तुरी म्हणाली, "बाबा, उडवतेय ती!" मी म्हणालो, "उडवू दे. तिचीच आहे." त्या रात्री मोठीने चार घास खाल्ले.

पहाटे हाक आली, "लागलं का रे?"

"लागलं, नाना!"

"मग चल की," नाना खिडकीबाहेरून म्हणाले. "आता गुडघ्यांचं नाव सांगू नकोस. त्या दिवशी अख्ख्या घाटाने बघितलंय तुला."

मी खुंटीवरचा पंचा घेतला आणि त्यांच्याबरोबर उतरलो.