शिट्टी

घरात तिला सगळे ‘जय्यत’ म्हणत. दोन दिवसांसाठी कुठे जायचं झालं तरी तिची तयारी अशी, की बघणाऱ्याला वाटावं बाई घर बदलतेय. म्हणून लेकीने फोनवर सांगितलं, “आई, पाठीवर मावेल तेवढंच आणायचं. आणि अडीअडचणीचं सामान एका डबीत, खिशात राहील असं,” तेव्हा ती आधी हसली आणि फोन ठेवल्या ठेवल्या डबी शोधायला उठली.

लेक जंगलात झाडांच्या मोजणीचं काम करायची. आईबाबांनी एकदा आपलं जंगल पायी फिरून बघावं, असा हट्टच धरून बसली होती. चुकामूक झालीच, तर ज्याच्या त्याच्या खिशात डबी हवी, हा तिचा नियम.

रविवारी दुपारी जय्यत आणि तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. तशी दोघं समोरासमोर बसून बरेच दिवस झाले होते. तो आरागिरणीत कामाला. उभं आयुष्य करवतीसमोर गेलेलं. ती घरीच शिवणकाम करायची. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी तिने धुऊनपुसून ठेवली होती. तिच्यात काय काय कोंबायचं, यावर तिचं डोकं भलतंच चाललं. आगकाड्यांची टोकं तिने वितळलेल्या मेणात बुडवून घेतली. जाड दोरा मेणावरून ओढून सुईसकट पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळला. व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, नखाएवढं होकायंत्र, ब्लेडचं अर्धं पातं, सगळं जागच्या जागी बसलं. डबीची कड हाताला लागत होती, म्हणून नवरा खिडकीशी उभा राहून ती पॉलिशपेपरने घासायला लागला.

तिने प्रत्येक वस्तू वापरून बघितली होती. मेणाची काडी ओली करून पेटवली, दोरा ओढून बघितला. राहिली होती फक्त शिट्टी. बोटाच्या पेराएवढी, पितळी, बारीक किरट्या आवाजाची. टेबलाशीच उभं राहून तिने जोर लावून फुंकली.

तिचेच कान बधिर झाले. खालच्या मजल्यावरचं कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकायला लागलं. शेजारीण खिडकीतून ओरडली, “कोण ते? पोलीस आले की काय?”

नवरा डबी घासत होता.

तिला वाटलं, मुद्दाम करतोय. ती दबक्या पावलांनी त्याच्या मागे गेली आणि पुन्हा फुंकली, त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर. त्याचा हात थांबला. मानेवर तळवा फिरवत तो वळला.

“काय गं, मानेवर फुंकर कसली मारतेस?”

तिच्या हातून शिट्टी गळून पडली. त्याने वाकून उचलली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, “ही वाजवून बघ ना एकदा.”

खुर्ची ओढून ती मटकन बसली. त्याच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मी आता घर सोडून चालले.”

काही नाही. पॉलिशपेपरची खरखर तेवढी सुरू झाली.

“अहो!” ती वळून ओरडली. आता तो बघत होता. “तुम्हाला ऐकू येत नाही!”

“येतं की. हे काय, बोलतोय ना तुझ्याशी?”

“आत्ता दोनदा शिट्टी वाजवली मी. दोनदा!”

तो हसायला गेला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओठांतच राहिलं. खालचं कुत्रं अजून भुंकतच होतं. तेही त्याच्या गावी नव्हतं. “मला वाटायचं,” तो सावकाश म्हणाला, “तूच हल्ली बोलेनाशी झालीस. आधी कामातून उठून हाका मारायचीस. म्हटलं, रागावली असेल कशावरून.”

ती रागावलीच होती. त्या रागाला गेल्या हिवाळ्यापासून तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. पण आता तो आपसूक तोंडातून बाहेर आला.

“मी न्हाणीघरात पडले होते. मनगट मोडलं तेव्हा.”

“जिन्यात पडलीस ना?”

“तुम्हाला तसं सांगितलं. न्हाणीघरात पडले. नळ चालू होता, उठता येईना. ‘अहो, ऐकलंत का’ म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडले. कशीबशी बाहेर आले, तर तुम्ही दाराबाहेरच पेपर वाचत बसलेले. वर मान करून विचारलंत, चहा टाकतेस का.”

डबी त्याने टेबलावर ठेवली.

“आणि तुला वाटलं, मी ऐकून बसून राहिलो?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मनगट बरं होईतो घरात मी रांधलं. तुझी वेणी घातली, वाकडीतिकडी का होईना. ते काय वाटलं तुला?”

“वाटलं, मन खातंय म्हणून करताय.”

“इतके दिवस तू हे मनात धरून माझ्या घरात राहिलीस,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “एकदा विचारायचं तरी.”

तो बाहेर निघून गेला. ती तिथेच बसून राहिली. मेणाची वाटी गार होऊन तिच्यावर साय धरली तरी तिला भान नव्हतं. आपण एका बहिऱ्या माणसाला मनातल्या मनात शिक्षा सुनावली, ती भोगायलाही लावली, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही! हे तिला काही केल्या गिळता येईना.

आठवडाभराने ती त्याला कानांच्या तपासणीला घेऊन गेली. काचेपलीकडे तो कानांवर मोठे हेडफोन लावून बसला होता. आवाज आला की बटण दाबायचं. बटणावरचा अंगठा बराच वेळ हलला नाही, आणि तो मात्र आज्ञाधारक मुलासारखा आवाजाची वाट बघत बसला होता. तिला बघवेना. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, करवतीने बारीक आवाज कधीच खाल्लेत, समोरच्याच्या ओठांवरून निभत जातं, माणसाला कळतही नाही. गेलं ते परत येणार नाही, पण कानातल्या यंत्राने बोललेलं पुष्कळ ऐकू येईल. यंत्र मिळालं. त्याचा अबोला मात्र लगेच सुटला नाही. जेवायला बसला की मोजकं बोलायचा, पानातलं संपवून उठायचा. तिनेही गयावया केली नाही. तेवढा हक्क त्याचा होता, हे तिला कळत होतं.

जंगलात ते गेले. लेकीने बाबांच्या कानांतली यंत्रं बघून आधी डोळे पुसले, मग सगळ्यांच्या डब्या उघडून तपासल्या. चालताना लेक पुढे, मध्ये जय्यत, आणि तो मागे, दोघी नजरेच्या टप्प्यात राहाव्यात म्हणून. पहिल्या चढावर दम लागला तेव्हा लेक पाणी भरायला ओढ्याकडे उतरली. तो एका खडकावर टेकला, यंत्र चाचपून नीट बसवलं आणि बायकोकडे बघून म्हणाला, “अजून काय काय आहे असं? मला न सांगितलेलं?”

“आत्ता?”

“आत्ता. तोंड माझ्याकडे करून सांग.”

ती त्याच्या समोर बसली. कुठून सुरुवात करावी, तिला सुचेना. मग सगळ्यात क्षुल्लक होती ती गोष्ट तिने आधी काढली.