नरसी रस्त्याचे चार एकर

रूपसिंगचा यात फायदा काय होता, याचा हिशेब तांड्यातल्या कुणीही उभ्या उभ्या करून दिला असता. एक निळं पासपोर्टाचं पुस्तक. सव्वाशे-दीडशे देशांत व्हिसाशिवाय जायची सोय; त्यातल्या चारांचीही नावं त्याला सांगता आली नसती. एका बेटाचं नागरिकत्व. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता. खरा नफा एकच होता. पोरानं परदेशी जाताना बापाला मागं टाकला नाही, असं लोकांनी म्हणावं. बायको गेलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाला एवढा नफा पुष्कळ वाटतो.

तांडा कनेरगाव नाक्यापासून दोन कोसांवर. रस्ता रुंद झाला तेव्हा रूपसिंगचं नाक्याजवळचं तीन एकर रान त्यात गेलं आणि खात्यावर दोन कोटी साठ लाख आले. वाटेकरी दोन. थोरला देविदास, हिंगोलीत राहून सरकारी कामांचे ठेके घेणारा. धाकटी शितल; तिचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला आणि ती दिपा नावाची लेक कडेवर घेऊन माहेरी आली.

देविदासचं बेटावर मन बसायला कारण होतं. त्यानं बांधलेला एक पूल पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला होता आणि चौकशी गोगलगायीच्या चालीनं का होईना, त्याच्याच दिशेनं येत होती. बेटाचा भाव, कुटुंबासकट आणि सगळी फी धरून, दोन कोटी तीस लाख. अडचण एवढीच की बेटवाले विचारतात, पैसा आला कुठून? देविदासचा पैसा या प्रश्नापुढं उभा राहणारा नव्हता. बापाचा होता. सरकारनं दिलेला, शिक्का मारलेला, धुतल्या तांदळासारखा. म्हणून नागपूरच्या एजंटानं सुचवलं की म्हाताऱ्यालाही फॉर्मवर घ्या. देविदासचं बापावर प्रेम नव्हतं असं नाही. फॉर्ममध्ये रकाना निघाला, तेव्हा ते बाहेर आलं इतकंच.

शितलनं फार ओढून धरलं नाही. माहेराशी वाकडं घेऊन विधवेनं राहायचं कुठं? उरलेल्या तीस लाखांत नरसीच्या रस्त्याला हळदीजोगी जमीन घेऊन द्या, एवढंच ती म्हणाली. रूपसिंगनं शब्द दिला. तो तांड्याचा नायक. त्याच्या शब्दावर लोकांची भांडणं मिटत. तिनं मोबदल्यातल्या वाट्यावर पाणी सोडलं आणि हक्कसोडावर सही केली.

आता रूपसिंग काही भोळा नव्हता. देविदासनं नागरिकत्व म्हणजे काय ते सांगायला घेतलं, तेव्हा त्यानं आपल्या अनुभवाच्या फूटपट्टीनं ते मोजलं. तीस हंगाम तो ऊसतोडीला गेला होता. सहा महिने कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, सहा महिने तांड्यात. तिकडच्या यादीत नाव, इकडच्याही यादीत नाव. तिकडं एक रेशनकार्ड, इकडं एक. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, उलट मतदानाला दोन्हीकडचे पुढारी गाडी पाठवायचे.

“म्हंजे तितं बी नाव, हितं बी नाव,” तो म्हणाला.

“तसंच समजा, बा,” देविदास म्हणाला. त्याला खरं ठाऊक होतं. पण खरं सांगायला बसलं की सही लांबते.

जानेवारीत पासपोर्ट आले. फेब्रुवारीत देविदास बायको निता आणि पोरांना घेऊन दुबईला गेला, बापाला दिवाळीनंतर नेतो म्हणाला. मे महिन्यात नरसी रस्त्याचे चार एकर घेतले, अठ्ठावीस लाखांना. नाव रूपसिंगचं लावलं, कारण शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि हक्कसोडापासून शितलचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. पुढं बक्षीसपत्र करून तिला द्यायची ठरली. खरेदीखतात खरेदीदार भारतीय नागरिक असल्याची ओळ होती. रूपसिंगनं खाली सही ठोकली. हितं बी नाव होतंच की.

जूनमध्ये शितलनं हळद लावली. बेणं तांड्यातल्याच मोहिनीकाकूकडून उसनं, मजुरीला ती स्वतः आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हा दिपा. दसऱ्यापर्यंत पानं कमरेला लागली.

आणि दसऱ्यालाच रूपसिंगनं नाक्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर पासपोर्ट काढला. सगळ्यांनी हात पुसून पानं उलटली. शेषरावनंही. त्याचा बांध त्या चार एकरांना लागून होता आणि ती जमीन त्याला सहा लाखांनी एकर हवी होती. रूपसिंगनं सात दिले होते.

“लई भारी, नायक. एक फोटो घेऊ का? पोरायला दावतो.”

“घे की. सरळ धर.”

आठ दिवसांत तो फोटो तक्रारअर्जाला जोडून कचेरीत पोचला.

शिवहार वकिलानं सगळं उलगडून सांगितलं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मर्जीनं घेतलं की इथलं आपोआप सुटतं. परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे खरेदी बेकायदा, सहीची ओळ खोटी, आणि रूपसिंगला स्वतःच्या तांड्यात राहायलाही परवानगीचा कागद लागणार. मग त्यानं आवाज खाली आणला.

“एकच वाट हाय, नायक. पोरानं फसवून सही घेतली म्हणून तक्रार द्या. तुमची मर्जी नव्हती असं मांडता येतं. जमीन वाचंल याची हमी देत न्हाई, पण लढायला जागा मिळंल. पोरावर मातर गुन्हा बसंल.”

शितल शेजारीच बसली होती.

रूपसिंगनं दुबईला फोन लावला. देविदासनं आधी पोरांच्या शाळेचं सांगितलं. मग म्हणाला की गुन्हा दाखल झाला तर पुलाची फाईलही त्याच्याबरोबर उघडेल. आणि शेवटी, जरा चिडून, “बा, तुमी ते दावलंच काहून?”

सुनावणी हिंगोलीत झाली. साहेब वयानं लहान होते आणि चांगल्या मनानं विचारत होते. त्यांनी एकदा विचारलं, मग कागद बाजूला ठेवून पुन्हा विचारलं, “बाबा, तिकडच्या अर्जावर सही केली तेव्हा काय आहे ते कुणी नीट सांगितलं होतं का? आठवून सांगा.”

रूपसिंगनं मागं पाहिलं. शितल भिंतीशी उभी होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. नाही म्हणायला एकच शब्द लागत होता. पण त्या शब्दात पोरगा चोर ठरत होता आणि नायक अडाणी, आणि यातलं दुसरं त्याला जास्त लागलं की पहिलं, हे त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

“मी तांड्याचा नायक हाय, साहेब. न समजता सही करीत न्हाई.”

बाहेर आल्यावर शितल पायरीवर थांबली.

“बा, इचारत होते ना ते. दोनदा इचारलं.”

“त्याचे लेकरं हायत, बाई.”

“व्हय,” शितल म्हणाली. “मला बी एक हाय.”

पौषात हुकूम आला: खरेदी रद्द, जमीन उभ्या पिकासकट सरकारजमा. हळद काढायला दोन महिने होते.

झाला तो जमाखर्च असा. देविदासला बेट मिळालं आणि पुलाची चौकशी मागं राहिली. एजंटाला त्याचा टक्का. शेषरावला जमीन नाही, पण लिलावाची वाट बघायला बांध जवळ. रूपसिंगचं नाव मतदारयादीतून गेलं, नायकपण तेवढं राहिलं. भरलं शितलनं: मोबदल्यातला वाटा, चार एकर जमीन, कमरेइतकी उभी हळद आणि मोहिनीकाकूचं बेणं, जे तिनं पुढं दोन वर्षं दुसऱ्यांच्या रानात मजुरी करून फेडलं.