जहाज सुटेपर्यंत

गाडीला उशीर होणार हे कुमारने गृहीतच धरलं होतं. जर्मनीत उभी हयात काढलेल्या माणसाचा रेल्वेवर भरवसा उरत नाही. म्हणून त्याने श्टुटगार्टहून पहाटेची गाडी धरली आणि हाम्बुर्गला गाडी बदलायला भरपूर वेळ हाताशी ठेवला. नेमकी त्या दिवशी गाडी वेळेवर पोचली. दुपारीच तो आणि अरुंधती, दोघं कीलच्या बंदरावर हजर झाली, तर जहाजाचाच पत्ता नव्हता.

"नॉर्वेहून परत येताना वादळ लागलं म्हणे," काउंटरवर चौकशी करून आलेला कुमार म्हणाला. "येईल आता थोड्या वेळात. पण मग साफसफाई, सामान चढवणं... आल्झो, थोडक्यात, बसावं लागणार. तुम्हाला त्रास नाही ना होणार?"

"छे, मला कसला त्रास? तुम्ही दमला असाल."

"नाही नाही, मी ठीक आहे."

आठवडाभर हे असंच चाललं होतं. श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दारातसुद्धा "आधी तुम्ही" आणि "नाही, तुम्हीच" व्हायचं. दोघांचं लग्न हिवाळ्यात पुण्यात नोंदणी पद्धतीने झालं होतं. साठी ओलांडल्यावर, दोघांच्याही मुलांच्या साक्षीने. कुमारची बायको संध्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. अरुंधतीचा नवरा श्रीपाद त्याच्याही आधी गेला होता. तिथून जवळच झिंडेलफिंगेनला मुलीकडे, तनयाकडे, अरुंधती यायची, तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली आणि पुढे फोनवर वाढत गेली. फोनवर बोलणं सोपं होतं. लग्नानंतर व्हिसा मिळेपर्यंत ती पुण्यातच राहिली. विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बसून जर्मनची पहिली परीक्षा पास झाली आणि गेल्या आठवड्यात त्याच्या घरी राहायला आली. फोनमधला मोकळा माणूस समोर आल्यावर एकदम पाहुण्यासारखा वागायला लागला. तीही तशीच वागत होती.

त्यातून तिला त्याला हाक मारता येत नव्हती. श्रीपादला ती 'अहो' म्हणायची. तो शब्द तसाच उचलून दुसऱ्याला द्यावा, हे काही मनाला पटेना. नुसतं 'कुमार' म्हणायला जीभ वळत नव्हती. 'कुमारराव' म्हटलं तर आपलं आपल्यालाच हसू येई. मग ती तो असेल त्या खोलीत जायची आणि थेट बोलायलाच सुरुवात करायची.

जहाजाची ही सफर तनयाने लग्नाची भेट म्हणून दिली होती. पहिल्या रात्रीचा बेतही तिनेच आखला होता. खिडकीजवळ दोघांसाठी टेबल, मेणबत्ती, केक. मग जहाज सुटताना वरच्या डेकवर वाद्यवृंद, आणि नव्या जोडप्यांना नावं पुकारून पहिल्या नाचासाठी बोलावणार. "आई, नाही म्हणायचं नाही हं," असं तिने बजावलं होतं. अरुंधतीने शेवाळी रंगाची रेशमी साडी बॅगेत भरली. पण नाच तिला नकोसा वाटत होता. चारचौघांत तिने कधी कुणाचा हातसुद्धा धरला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा कुठे जहाज धक्क्याला लागलं. आधीच्या सफरीचे लोक उतरले. हॉल माणसांनी गच्च भरला होता. मोठ्या बॅगा केव्हाच जमा करून घेतल्या होत्या. "तुमचा फोन द्या, चार्जिंगला लावतो. आणि कॉफी मिळते का बघतो," म्हणून कुमार उठला. तो गेला आणि पाचच मिनिटांत लाउडस्पीकरवर घोषणा झाली. तिला त्यातलं एवढंच कळलं, की त्यांच्या गटाला आत बोलावलं आहे. आजूबाजूचे सगळे एकदम उठले. खुर्च्या सरकल्या, मुलं रडली, गर्दीचा लोंढा दाराकडे निघाला आणि तिलाही सोबत ढकलू लागला.

ती खांद्यावरच्या पिशव्या सावरत मागे वळून बघत राहिली. कुमार कुठेच दिसेना. पांढऱ्या केसांची, निळ्या जॅकेटमधली माणसं मात्र शेकड्याने होती. फोन त्याच्याकडे, तिकिटं त्याच्याकडे. परीक्षेसाठी पाठ केलेलं सगळं जर्मन डोक्यातून उडून गेलं.

"अहो!" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. आणि ऐकू आला असता तरी ही हाक त्याच्यासाठी आहे हे त्याला कसं कळणार होतं? त्याला कुणी या नावाने कधी बोलावलंच नव्हतं.

मग ती एका बाकावर चढली. गुडघा कुरकुरला, पण चढली.

"कुमार! ए कुमार!"

अंधार पडला तरी घरी न आलेल्या पोराला गॅलरीतून हाक मारावी, तसा खणखणीत आवाज. माणसं थबकली, माना वळल्या. आणि पार टोकाच्या खांबाआडून उत्तर आलं, "ओ!"

दोन कागदी कप उंच धरून तो गर्दी कापत आला. कॉफी मनगटावर सांडत होती.

"कुठे होतास तू?" ती ओरडली. "मी इथे जीव मुठीत धरून उभी आणि तू खुशाल कॉफी घेत फिरतोयस! काही कळतं की नाही तुला?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली. कुमार खाली उभा राहून वर बघत होता. रागावला असेल असं तिला वाटलं, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"किती वर्षांत मला असं कुणी ओरडलं नाही," तो म्हणाला. कप बाकावर ठेवून त्याने हात पुढे केला. "उतर. सांभाळून. गुडघा दुखतोय ना तुझा?"

तिने हात धरला. खाली उतरल्यावरही सोडला नाही.

जहाजावर पोचल्यावर आधी सुरक्षेची कवायत झाली. केशरी जॅकेटं घालून सगळे रांगेत उभे राहिले. मग कप्तानाचा आवाज आला. उशिराबद्दल त्याने माफी मागितली. किराणा आत्ता कुठे चढतोय, म्हणून मोठी जेवणघरं आज बंद. बुफेत साधं जेवण मिळेल. डेकवरचा समारंभ उद्या. बॅगाही उशिराने केबिनमध्ये येतील. आजूबाजूला कुरकुर सुरू झाली. कुणी सुटाबुटात आलेला गृहस्थ चिडून तावातावाने बोलत होता.

अरुंधतीने हळूच सुस्कारा सोडला. अगदी त्याच वेळी कुमारनेही सोडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू का सुस्कारा टाकलास?" तिने विचारलं.

"आधी तू सांग."

"डोकं दुखायचं सोंग करणार होते मी. नाचाच्या वेळी."

कुमार हसत सुटला. "आणि मी तू यायच्या आधी महिनाभर स्वयंपाकघरात व्हिडिओ लावून वॉल्ट्झ शिकत होतो. खुर्ची धरून! खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या."

"खुर्ची धरून?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. खुर्ची पाय तुडवत नाही."

बुफेत टोमॅटोचं सूप, पाव आणि उकडलेले बटाटे एवढंच शाकाहारी उरलं होतं. खिडकीजवळची टेबलं कधीच भरली होती. ती दोघं एका खांबाला टेकून, उंच गोल टेबलापाशी उभ्यानेच जेवली. तिने बटाट्यांवर लोणी, मीठ आणि मिरपूड घालून हातानेच ते कुस्करले. त्याने पावाचा कडक भाग स्वतः घेतला आणि मऊ भाग तिच्या ताटलीत ठेवला. कालपर्यंत त्यावरून "नको, तुम्हीच घ्या" झालं असतं. आज तिने तो मुकाट्याने सुपात बुडवून खाल्ला.

तेवढ्यात तनयाचा फोन आला.

"आई, डिनर कसं झालं? साडी नेसलीस?"

"साडी बॅगेत, बॅग कुठे आहे देव जाणे. आम्ही बटाटे खाल्ले."

"काय? मी किती आधीपासून सांगून ठेवलं होतं! थांब, मी त्यांना आत्ताच मेल लिहिते. काकांना दे फोन."

"काही लिहू नकोस," अरुंधती म्हणाली. "आणि कुमार आत्ता बोलणार नाही. त्याच्या तोंडात घास आहे."

"आई," तनया हळूच म्हणाली, "कुमार?"

"ठेवते गं. जहाज सुटतंय."

खरंच सुटत होतं. उत्तरेकडची लांबलेली संध्याकाळ, पाण्यावर अजून उजेड होता. डेकवर ना वाद्यवृंद होता ना रोषणाई. मंचावर वाद्यं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. धक्क्यावरच्या माणसांनी दोरखंड सोडले आणि किनारा आवाज न करता मागे सरकू लागला. वारा गार होता. लोक एकेक करून आत निघून गेले.

"दाखव बघू," अरुंधती म्हणाली.

"काय?"

"खुर्चीला दाखवलंस ते."

कुमारने इकडेतिकडे पाहिलं. मग तिचा एक हात आपल्या खांद्यावर ठेवला, दुसरा हातात घेतला आणि पुटपुटत मोजू लागला, "एक, दोन, तीन. एक, दोन..." प्रवासाची चुरगळलेली सलवार, पायात बूट. दुसऱ्याच फेरीत तिने त्याचा पाय तुडवला.

"आई गं!" तो म्हणाला.

"मोज पुढे," ती म्हणाली.