सुराच्या मागचा आवाज

मानसीने डिलेच्या पेडलवर पाय दाबला आणि गिटारची एकच तार छेडली. स्वर अँपमधून बाहेर पडला, मग पुन्हा आला, पुन्हा आला, दर वेळी थोडा विझत. रिव्हर्बमुळे आत्याची ती बुटकी खोली लेण्यासारखी घुमू लागली.

भीमजयंतीला बोर्लीच्या मंचावर सुरुवातीची धून तिला एकटीने वाजवायची होती. त्या सरावासाठीच ती दिवेआगरला आली होती. आत्या गावाला गेलेली, पर्यटकांच्या खोल्या रिकाम्या. भर दुपारी वाडीत चिटपाखरू नव्हतं.

स्वर विरताना मागे एक बारीक आवाज उरत होता, माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा. मानसीला तो आवडला. तिने रिव्हर्बचं बटण आणखी फिरवलं, स्वर आणखी लांबवला आणि डोळे मिटून पुन्हा तार छेडली.

मग कोरडा स्वर कसा वाटतो ते बघायला तिने डिले-रिव्हर्बची दोन्ही पेडल बंद केली. तारांवर तळवा ठेवला. खोली शांत झाली.

तो आवाज आला.

तिने मान वळवून खोलीभर पाहिलं. तिने अँप बंद केला, प्लग उपटला. आवाज पुन्हा आला. तिने धावत जाऊन दाराला कडी घातली आणि शेजारच्या वाडीतल्या रावजींना फोन लावला.

"काका, वाडीत कोणीतरी... आवाज येतोय."

"मानसाचा का जनावराचा?"

"माहीत नाही."

"बघ तरी कुठून येतोय. मी निघालो."

तिने कडी काढली. पोफळींमधून ती आवाजाच्या रोखाने चालू लागली. आवाज विहिरीतून येत होता. ढासळलेल्या कठड्यापाशी पोचायच्या आधीच ती थांबली. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत कडेला गेली.

खाली पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली मनुबाई होती. रोज वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचायला येणारी म्हातारी. पंपाच्या पाइपाला तिने एका हाताने मिठी मारली होती.

"हात सुटतोय गो..."

पोहऱ्याचा दोर मानसीने माडाला गुंडाळला, दुसऱ्या टोकाला फास करून खाली सोडला.

"काखेतून घाला! मनुबाई, डोकं आत घाला आधी!"

फास काखेत बसला, पण मनुबाईला वर ओढायची ताकद मानसीत नव्हती. ती माडाला पाय टेकून दोर नुसता धरून राहिली. तळव्यांची कातडी सोलली. खालून आवाज थांबला की ती हाक मारायची.

"बोलत राहा! मनुबाई, काहीही बोला!"

खालून खोकला आला. मग नुसतं पाणी हलल्याचा आवाज. मग तेही नाही. मानसी किंचाळली, तेवढ्यात रावजी दोन गड्यांना घेऊन धावत आले.

मनुबाईला दोराने वर ओढून, घोंगडीत गुंडाळून ओट्यावर बसवलं. ओठ निळे पडले होते. गरम चहाचे दोन घोट गेल्यावर तिने डोळे उघडले.

"कधीपास्नं व्हतीस आत?" रावजींनी विचारलं.

"शेवाळावरनं पाय सरकला नि गेले. मागंच सोडला असता हात." ती मानसीकडे बघून हसली. "पन ही पोर ओ देत व्हती ना. मी हाक मारली की ही तिकडनं वाजवून ओ देई, पुन्ना पुन्ना. मंग म्हनलं, ऐकलंय तिनं. येतेय. दम धर."

रावजींनी मानसीच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबास पोरी."

मानसीने डोक्यावरचा त्यांचा हात बाजूला केला. ती खाली बसली, मनुबाईचे गार पाय तिने मांडीवर घेतले आणि चोळू लागली. सोललेल्या तळव्यांतलं रक्त त्या पायांना लागत होतं.

"पुरे आता," रावजी म्हणाले, "ऊब आली."

ती चोळतच राहिली.